प्रेसवर हात सापडलेल्या कामगाराला परत कामावर आणताना

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड. या औद्योगिक पट्ट्यांतल्या लहान वर्कशॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या पॉवर प्रेस दिवसरात्र चालतात आणि बोटं गमावण्याचे कितीतरी अपघात त्यांच्यावरच होतात. अपघातानंतर काय करायचं, याचं मालकाकडे, मॅनेजरकडे ठरलेलं उत्तर असतं: आधी दवाखाना आणि शेवटी भरपाई. या दोन्हींच्या मधले तीन-चार महिने कुणाच्याच वहीत नसतात. माणूस परत कामाला लागणार की गावी जाऊन कायमचा घरी बसणार, हे मात्र त्याच महिन्यांत ठरतं.

हा लेख दहा ते शंभर माणसांच्या वर्कशॉपसाठी आहे, जिथे वेगळा एचआर विभाग नसतो, कंपनीचा डॉक्टर नसतो आणि ही सगळी जबाबदारी मालक, सुपरवायझर आणि हजेरी लिहिणारा क्लार्क या तिघांत वाटली जाते. उदाहरण हाताच्या दुखापतीचं घेतलं आहे. पाठ, पाय, खांदा यांनाही वाट हीच लागू पडते, फक्त तपशील बदलतात.

पहिला तास

प्रत्येक शिफ्टमध्ये अडकलेला हात कसा सोडवायचा, म्हणजे मेन स्विच बंद करून रॅम (प्रेसचा खाली येऊन पत्रा दाबणारा भाग) हाताने वर कसा घ्यायचा, हे जाणणारा एक माणूस हवाच. घाबरून कुणी पेडल किंवा बटण दाबलं तर दुसरा स्ट्रोक बसतो.

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात छातीपेक्षा उंच ठेवा. हळद, चुना, कॉफी, काहीही भरू नका. ते धुऊन काढण्यात सर्जनचा वेळ जातो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हातात अंगठी किंवा कडं असेल तर सूज चढायच्या आत काढा. तोंडात तंबाखू असेल तर थुंकायला लावा. पाणी, चहा देऊ नका, कारण थोड्याच वेळात भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते शोधा: डायखाली (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली), स्क्रॅपमध्ये, हातमोज्यातसुद्धा. सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फाला लागू देऊ नका, त्याने पेशी मरतात. साध्या तापमानाला बोट साधारण बारा तास टिकतं, नीट थंड ठेवलं तर आणखी जास्त. तळहात किंवा मनगटापासून तुटलं असेल तर त्यात स्नायू असतात आणि हाताशी जेमतेम सहा तास उरतात. चिरडलेलं बोट बघून 'हे काय जोडलं जाणार' असं आपणच ठरवून टाकू नये. ते सर्जनने ठरवायचं.

म्हणूनच रात्री दोन वाजता प्लास्टिक सर्जन कुठल्या हॉस्पिटलमध्ये मिळतो, हे आजच विचारून ठेवा आणि तो नंबर १०८ च्या शेजारी, मस्टरच्या वर भिंतीवर चिकटवा. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, त्यांनी पट्टी बांधून पुढे पाठवलं, अशा फेऱ्यांतच मोलाचे तास जातात.

सोबत जाणारा माणूस खर्चाला 'हो' म्हणू शकणारा असावा. फक्त हेल्परला पाठवलं तर डिपॉझिट भरण्यासाठी तो फोनवर फोन करत बसतो आणि ऑपरेशन थांबतं. घरी फोनही त्या सोबत गेलेल्या माणसानेच करावा आणि खरं सांगावं. 'थोडं लागलंय' ऐकून आलेल्या बायकोला वॉर्डात गुंडाळलेला हात दिसतो, त्या क्षणी तिचा कंपनीवरचा विश्वास उडतो आणि नंतर तो परत मिळवणं फार अवघड जातं.

खरं लिहा, लगेच लिहा

दवाखान्यात 'कसं लागलं?' असं विचारतात आणि उत्तर केसपेपरवर उतरवलं जातं. पुढचा सगळा हक्क त्या एका ओळीवर उभा राहतो. इथेच काही ठिकाणी कामगाराच्या कानात सांगितलं जातं की 'घरी दारात बोट सापडलं असं सांग, बाकी आम्ही बघतो.' हे मला अजिबात मान्य नाही आणि वाचणाऱ्या प्रत्येक मालकाला कळकळीने सांगतो, हे करू नका. त्या एका वाक्याने कामगाराची कामावरच्या दुखापतीची रक्कम धोक्यात येते, जन्मभराची पेन्शन जाऊ शकते आणि साक्षीदार असतातच, त्यामुळे खोटं उघडकीस आलं की तुम्ही फसवणुकीच्या प्रकरणात अडकता. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं ही नेहमीची पद्धत आहे, तिला घाबरायचं कारण नाही.

त्याच दिवशी करायची कामं अशी. अपघात नोंदवहीत वेळ, मशीन, चाललेला जॉब आणि पाहणाऱ्यांची नावं लिहा. मशीन हलवण्याआधी फोटो काढा: डाय, गार्ड, पेडल, उजेड. ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, पोर्टलवर अपघाताचा अहवाल भरा. बोट गेलं असेल तर दिरंगाई अजिबात नको. कारखाना नोंदणीकृत असेल आणि माणूस अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कामावर येऊ शकणार नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही सूचना द्यावी लागते.

माणसाची ईएसआयसी नोंदणीच झालेली नसेल तर? दहा किंवा त्याहून अधिक माणसं असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तो माणूस कायद्याने विमाधारकच आहे. नोंदणी न करणं ही तुमची चूक ठरते, त्याची नाही. महामंडळ त्याला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. अपघातानंतर मागची तारीख टाकून नोंदणी करण्याचा खटाटोप पकडला जातो. खरी तारीख टाका आणि खरं सांगा. ठेकेदाराचा माणूस असला तरी मुख्य मालक म्हणून तुमची जबाबदारी सुटत नाही.

कायद्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा राज्य विमा कायदा व १९२३ चा भरपाई कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले गेले. मूळ तत्त्वं बहुतांशी तीच आहेत, कलमांचे आकडे बदलले. जुन्या कलमांचे झेरॉक्स फाइलला लावून ठेवले असतील तर ते बदला. कामावर येता-जाता झालेला अपघातही ठरावीक अटींवर कामावरचाच धरला जातो. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याला २००३ मध्ये कामावर जाताना मृत्यू आला होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्याच्या कुटुंबाच्या बाजूने असाच निकाल दिला.

घरात पैसे येत राहिले पाहिजेत

ज्याच्या खोलीचं भाडं थकलंय, त्याचा हात फिजिओथेरपीने बरा होत नाही, कारण तो फिजिओला जातच नाही.

ईएसआयसी असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. रोजची सरासरी ६०० रुपये असेल तर दिवसाला ५४० रुपये. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलेलं नसावं. किती महिने वर्गणी भरली हे इथे बघत नाहीत. काल कामाला लागलेल्यालाही हा लाभ मिळतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मात्र वेळच्या वेळी लागतं: पहिलं, मधली आणि शेवटचं. मधलं एखादं चुकलं की पैसे अडकतात. क्लार्कने तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात आणि आदल्या दिवशी फोन करावा. एवढ्या साध्या कामामुळे महिन्यामहिन्यांचे घोळ टळतात.

ईएसआयसी लागू नसेल तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण अर्धा पगार. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तोही मालकाचाच. अर्ध्या पगारात शहरात घर चालत नाही, म्हणून ज्यांना परवडतं त्यांनी उरलेला अर्धा स्वतःहून द्यावा. तीन महिन्यांची ती रक्कम नवा ऑपरेटर शोधून, शिकवून, त्याचा रिजेक्शनचा माल सोसण्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच भरते.

ईएसआयसीचा पहिला पैसा खात्यात यायला काही आठवडे लागू शकतात. त्या काळासाठी बिनव्याजी उचल द्या आणि कागदावर लिहा. वसुली परतल्यावर, लहान हप्त्यांत. पहिल्याच पगारातून सगळी उचल कापली तर माणूस महिना संपायच्या आत दुसरीकडे जातो.

लाभ चालू असताना किंवा उपचार चालू असताना त्याला कामावरून काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही, 'माझी काही तक्रार नाही' असा अंगठा, या कागदांनी कायद्याने दिलेला हक्क बुडत नाही. उलट ते न्यायालयात तुमच्याच विरुद्ध उभे राहतात.

फोन कुणी करायचा

कंपनीतल्या एकाच माणसाने करायचा आणि आठवड्यातला ठरलेला दिवस पाळायचा. शक्यतो ज्याच्या हाताखाली तो काम करत होता त्या सुपरवायझरने. मालकाने पहिल्या चार दिवसांत एकदा स्वतः जाऊन यावं.

बोलायचं काय? 'कधी येतोस?' हा पहिला प्रश्न नको. 'सूज उतरली का? झोप लागते का? ड्रेसिंगला कोण नेतं? सर्टिफिकेटचं काय झालं?' हे विचारा. आणि न विसरता सांगा: 'तुझी जागा आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा ये, काय काम द्यायचं ते आपण बसून ठरवू.' अपघाताच्या चौकशीसाठी हा फोन वापरू नका. चूक कुणाची होती हा विषय वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने काढावा.

घरच्यांशीही बोला. उजवा हात बांधलेला असला की आंघोळ, शर्टाची बटणं, जेवण, सगळ्याला दुसऱ्याचा हात लागतो. डाव्या हाताने जेवायची लाज कित्येकांना इतकी वाटते की ते चारचौघांत जेवायलाच बसत नाहीत. परत आल्यावर डबा खाताना हे आठवा: चमचा ठेवा आणि कुणी टिंगल करणार नाही याची काळजी घ्या.

सोबतचे ऑपरेटर भेटायला जायला निघाले तर शिफ्ट थोडी लवकर सोडा. त्यांना आपल्यावर वेळ आली तर काय होईल, हे त्या दिवसांत कळत असतं.

गावी जातो म्हणतो तेव्हा

हे जवळपास ठरलेलंच असतं. परभणी, यवतमाळ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला माणूस खोलीत एकटा असतो. एका हाताने स्वयंपाक होत नाही, म्हणून आई म्हणते, ये. त्याला अडवू नका, पण उपचार तुटू देऊ नका. जाण्याआधी सर्जनची पुढची तारीख, टाके कधी काढायचे, सळया घातल्या असतील तर कधी काढायच्या, हे एका कागदावर घ्या. गावाजवळ ईएसआयसीचा दवाखाना कुठे आहे ते बघून द्या. विमा क्रमांक देशभर तोच चालतो. व्यायाम कसे करायचे याचा फिजिओथेरपिस्टने दाखवलेला व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये भरून द्या. परतीचं तिकीट कंपनीने काढून दिलं तर तो ठरल्या तारखेला येतो. हा खर्च मी सगळ्यात आधी मंजूर करीन.

हात बरा होतो म्हणजे नेमकं काय

जखम भरली, टाके निघाले की बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि सुपरवायझरला वाटतं, आता काय बाकी आहे? हाताचं खरं काम तिथून सुरू होतं.

बोटाची शिर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन, तुटून शिवली असेल तर पहिले सहा आठवडे पट्टीच्या आधाराने अगदी मोजून हालचाल करायची असते. जोर लावायला त्यानंतर हळूहळू सुरुवात होते आणि जड काम साधारण तीन महिन्यांनंतर. आठव्या आठवड्यात 'एवढा एक डाय उचल' म्हटलं आणि शिर परत तुटली, तर दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं कधीच जमत नाही. याउलट भीतीपोटी हात महिनाभर न हलवता छातीशी धरून ठेवला तर सांधे आखडतात आणि कापलं न गेलेलं बोटही कामातून जातं. कधी हलवायचं आणि कधी नाही, हे फिजिओथेरपिस्टकडूनच समजून घ्यावं लागतं. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन वेळा जावं लागतं. कंपनीने इथे करायचं ते इतकंच: रिक्षाचे पैसे आणि 'गेलास का?' ही विचारणा.

बोटाचं टोक गेलेलं असेल तर तिथली कातडी इतकी हळवी होते की शर्टाचा स्पर्शही सहन होत नाही. उपाय घरचाच आहे. कापसाने, मग टॉवेलने हलकं चोळायचं. नंतर तांदळाच्या, डाळीच्या, शेवटी वाळूच्या भांड्यात हात फिरवायचा, रोज थोडा थोडा. काही आठवड्यांत ते टोक पुन्हा वस्तू धरायला तयार होतं. सुरुवात कधी करायची हे डॉक्टरांना विचारूनच.

गेलेलं बोट दुखतंय, खाजतंय असं तो म्हणाला तर हसू नका. मेंदूला त्या बोटाची खबर येत राहते आणि ती वेदना खरी असते. ती डॉक्टरांना सांगितली तर औषध मिळतं. थंडीत, गार कूलंटमध्ये हात घातल्यावर ठणका लागतो, तोही बरीच वर्षं राहू शकतो. नंतरचं काम ठरवताना हे लक्षात घ्या.

आणि विडी-सिगारेट, तंबाखू. जोडलेल्या बोटाच्या केसासारख्या रक्तवाहिन्या निकोटीनने आकसतात. डॉक्टर हे एकदा सांगतात, मित्र खोलीवर येऊन रोज पुडी देतात. मित्रांनाच सांगा.

डॉक्टरांच्या हातात कामाचा कागद द्या

डॉक्टर 'फिट' किंवा 'अनफिट' लिहितात, कारण त्यांना कामाची माहितीच कुणी दिलेली नसते. समोर रांग असते, 'कंपनीत काम करतो' एवढंच कळतं. म्हणून एक पान तयार करा आणि कामगाराच्या संमतीने सोबत पाठवा. त्यात असं लिहा:

*काम: ४० टन प्रेसवर पत्रा भरणे. एका शिफ्टमध्ये साधारण किती स्ट्रोक. एका वेळी किती किलो उचलावं लागतं. दोन्ही हातांनी चिमटीत धरावं लागतं का. उभं राहून की बसून. तेल, कूलंट, कंपन, धूळ आहे का. रात्रपाळी आहे का. कामावर येतो कसा.*

खाली डॉक्टरांसाठी मोकळ्या ओळी ठेवा: किती किलोपर्यंत उचलू शकतो, किती तास काम करू शकतो, काय करायचं नाही, पुन्हा तपासणी कधी. मशीनवरच्या कामाचा छोटा व्हिडिओ फोनमध्ये असला तर आणखी चांगलं. आजाराची इतर माहिती, जुनी औषधं, दारूच्या सवयी हे कंपनीने विचारू नये. आपल्याला फक्त हात काय करू शकतो हे कळायला हवं.

कामावर येण्याचा प्रश्न बारीक वाटतो, पण बरेच जण तिथेच अडतात. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला, क्लच डाव्या. कुठलाही हात कच्चा असला तरी गाडी चालवणं धोक्याचंच. सोबत येणारा शोधा किंवा बसची वेळ जुळेल अशी शिफ्ट द्या.

हलकं काम कशाला म्हणावं

आधी एक इशारा. ईएसआयसीचा लाभ चालू असताना 'नुसता येऊन बस' असं म्हणून त्याला बोलावू नका. ज्या दिवशी तो काम करतो आणि मजुरी घेतो, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. दोन्हीकडून घेतलं तर अडचणीत तो येतो. डॉक्टरांनी शेवटचं सर्टिफिकेट दिलं, हलक्या कामासाठी फिट लिहिलं, मगच हजेरी लावा. परत आल्यावर त्रास उलटला तर पुन्हा सर्टिफिकेट घेऊन लाभ सुरू करता येतो, हेही त्याला सांगून ठेवा. परत जायला मार्ग आहे हे कळलं की माणूस यायला लवकर तयार होतो.

आता काम. गेटवर स्टुलावर बसवणं, चहा आणायला पाठवणं, झाडू देणं, याला मी हलकं काम म्हणणार नाही. सहा वर्षं प्रेस चालवलेल्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर चहाची किटली धरायला लावली तर आपण आता बिनकामाचे झालो असंच त्याच्या मनात बसतं. काम हलकं असलं तरी खरं हवं, म्हणजे ते त्याने केलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी करावं लागलं असतं.

अशी कामं प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतात, फक्त कागदावर आलेली नसतात. गो-नो गो गेज (माप बसतं की नाही एवढंच दाखवणारं साधन) लावून जॉब तपासणं. पहिल्या नगाची मापं घेऊन जॉब कार्डवर लिहिणं. टूल क्रिबमधून, म्हणजे हत्यारांच्या खोलीतून, डाय, पंच देणं-घेणं आणि त्याची नोंद ठेवणं. रिजेक्शन का होतंय हे मशीनवार लिहिणं. हे काम ऑपरेटरइतकं चांगलं कुणाला जमत नाही, कारण आवाजावरून डाय बोथट झालाय हे त्याला कळतं. नव्या मुलांना भरती झाल्यावर पहिले तीन दिवस शिकवणं. पॅकिंगमध्ये मोजणी. शांतपणे बसून यादी करा, दहा तरी कामं निघतील. ही यादी अपघात होण्याआधीच तयार असावी.

वाढवत नेण्याचा साधा आराखडा असा, डॉक्टरांनी मान्य केला तर. पहिले दोन आठवडे चार तास, दिवसपाळी, जखमी हाताला फक्त आधाराचं काम. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सहा तास, मधे दोनदा दहा मिनिटं व्यायामाला. पाचव्यापासून पूर्ण दिवस, ओव्हरटाइम नाही, रात्रपाळी नाही. सहाव्या-आठव्या आठवड्यात पुन्हा डॉक्टर आणि मग पुढचं. ठणका वाढला, संध्याकाळी सूज आली तर एक पायरी मागे यायचं. मागे येणं हा आराखड्याचाच भाग आहे, हे सुपरवायझरला आधीच सांगा, नाहीतर तो 'नाटकं करतो' म्हणेल.

पगार मूळचाच. चार तासांच्या आठवड्यांचं काय करायचं ते आधी लिहून ठरवा. परवडत असेल तर पूर्ण द्या. प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह बुडत असेल तर मागच्या काही महिन्यांची सरासरी धरा. आणि लाइनचं टार्गेट कमी करा. त्याच्या वाटचे नग इतरांच्या डोक्यावर टाकले की सहानुभूती दोन आठवड्यांत संपते.

पाठीच्या दुखण्यात उचलणं आणि वाकणं मोजायचं, उभं-बसं बदलता येईल असं काम द्यायचं. पायाच्या दुखण्यात जिने, शौचालय किती लांब आहे आणि तिथे कमोड आहे का, हे पाहायचं. उकिडवं बसता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारे कामगार असतात.

परत येण्याआधी मशीन

त्याच प्रेसवर तोच उघडा डाय, तेच पायाचं पेडल आणि त्यावर नवा मुलगा बसलेला, हे दृश्य त्याला पहिल्या दिवशी दिसलं तर बाकी सगळं वाया गेलं. डायभोवती पक्का गार्ड, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं, गार्ड उघडला की मशीन थांबवणारा इंटरलॉक, जमेल तिथे लाइट कर्टन (हात मधे आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा), पत्रा सरकवायला चिमटा किंवा चुंबक. काय बदललं ते त्याला घेऊन जाऊन दाखवा, त्यालाच तपासायला सांगा. 'तू लक्ष दिलं नाहीस' हे वाक्य तोंडातून काढू नका. दमलेल्या माणसाचं लक्ष चुकणारच. ते चुकलं तरी हात वाचावा म्हणून तर गार्ड असतो.

भीती बरेच दिवस राहते. स्ट्रोकच्या आवाजाने दचकणं, झोपेत हात ओढून घेणं, घाम फुटणं, चिडचिड. काही आठवड्यांत हे ओसरलं नाही तर डॉक्टरांना सांगून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, जसं सर्जनकडे पाठवलं तसंच. पुन्हा प्रेसवर बसवायचं असेल तर आधी बंद मशीनजवळ, मग दुसऱ्याच्या शेजारी, मग थोडा वेळ स्वतः. आणि त्याला बसायचंच नसेल तर जबरदस्ती करू नका. टूल रूम, तपासणी, स्टोअर इथे चांगले ऑपरेटर चांगलेच काम करतात.

कायमचं जे गेलं त्याचं

शेवटचं सर्टिफिकेट मिळालं की लगेच मेडिकल बोर्डासाठी अर्ज करायला मदत करा. कमावण्याची क्षमता किती टक्के गेली हे बोर्ड ठरवतं आणि त्या प्रमाणात ईएसआयसी जन्मभर पेन्शन देते. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, असं कायद्याचं कोष्टक आहे. कामगारांमध्ये एक गैरसमज घट्ट बसला आहे की परत कामाला लागलं तर पेन्शन बंद होते. तसं नाही. पूर्ण पगार आणि पेन्शन दोन्ही मिळतात. हे त्याला, त्याच्या बायकोला आणि बापालाही नीट समजावून सांगा, कारण केवळ या भीतीने लोक महिनोन्महिने घरी बसतात. पेन्शन मिळते म्हणून मालकाने पगार कमी करणंही चालत नाही.

ईएसआयसी नसलेल्याचा हिशोब एकरकमी होतो: पगाराच्या ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले टक्केवारी. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. जुन्या कायद्यातली १५,००० रुपयांची कमाल पगारमर्यादा धरली तर तर्जनीसाठी साधारण २ लाख ६२ हजार होतात. रक्कम देय झाल्यावर महिन्याभरात दिली नाही तर व्याज आणि दंड दोन्ही लागू शकतात. 'पन्नास हजार घे आणि विषय मिटव' असं सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दाराबाहेर काढा.

चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व आलेल्या, पंचेचाळीस वर्षांच्या आतल्या विमाधारकाला ईएसआयसीकडून व्यवसाय प्रशिक्षणाचा भत्ता मिळू शकतो. कृत्रिम अवयवही मिळतो. बोटासाठी सिलिकॉनचं बोट बसवता येतं. पकडीला त्याची फारशी मदत होत नाही, पण लग्न ठरायच्या वयातल्या मुलाला चारचौघांत हात खिशातून बाहेर काढता येतो, हे काही कमी नाही. अपंगत्व प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, क्लार्कने बसून भरून द्यावा.

काम कायमचं बदललं तर पत्र द्या: नवं पद, तोच पगार, तीच सेवाज्येष्ठता, शिफ्ट कुठली. तोंडी शब्दावर ठेवलं आणि उद्या सुपरवायझर बदलला, तर नवा माणूस त्याला पुन्हा प्रेसवर उभा करील. पत्राची एक प्रत त्याच्याकडे, एक फाइलला. तीन महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा बसून विचारा: हात कसा आहे, थंडीत ठणकतो का, फिजिओ सुटला का, पेन्शन खात्यात येते का. पेन्शनसाठी ठरावीक काळाने हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची तारीखही त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.